न मोजलेल्या काकड्या

जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की भाद्रपदात रस्त्याच्या कडेला काकड्यांचे वाटे मांडलेले दिसतात. पळसाच्या पानावर कुठे चार, कुठे पाच. हिरव्या, पिवळट पट्ट्यांच्या, कोपरापर्यंत लांब, नुकत्याच सरीनं धुऊन निघालेल्या. परवा मी स्कूटी थांबवली आणि "हा वाटा द्या," म्हणत दाखवला, तर विकायला बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला आधी कळेना. मग माझ्या हाताकडे लक्ष गेलं. मी बोट दुमडून, त्याच्या पेरानं वाटा दाखवत होते.

"अवो, तोडलेली हायत ती," ती म्हणाली. "सरळ दाखवा बोट. आता काय होत नाय."

वेलावरच्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, असं इकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दाखवायचीच झाली तर बोट दुमडून दाखवायची. मोजायची तर मुळीच नाही. काकडी वेलावर आहे तोवर ती आपली नसते, तोडून टोपलीत आली की मग खुशाल मोजा. मी विज्ञान शाखेची पदवीधर. काकडी फळमाशीमुळे सडते, हे मी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं आहे. तरी गेली कितीतरी वर्षं माझं बोट या दिवसांत आपोआप दुमडतं, आणि त्याला कारण एकच भाद्रपद आहे. शाळा कोरोनात बंद पडल्या, त्याच्या थोडं आधीचा.

तेव्हा मी जामसरच्या पलीकडच्या एका पाड्यावर होते. दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी, आणि शिक्षक म्हणून मी एकटी. डांबरी संपते तिथे एका ओळखीच्यांच्या पडवीत स्कूटी लावायची आणि पुढचं अर्ध्या तासाचं अंतर चिखलातून चपला हातात घेऊन चालायचं. शाळेच्या वेळापत्रकात त्या दिवसांना प्रथम सत्र म्हणत. पाड्यावर म्हणत काकडीचे दिवस. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकलेली असते, कापणीला अजून वेळ असतो. पाऊस दमल्यासारखा थांबून थांबून पडतो आणि मधूनच असं लख्ख ऊन पडतं की ओली कारवी, शेण, कुजलेलं पान यांचा एकत्र वास अंगावर येतो. उतारावर तेरडा फुललेला असतो. जमीन असलेल्यांची नागली, म्हणजे नाचणी, निसवायला लागते. पाड्यावर बहुतेकांना जमीन नव्हती, मजुरीवर पोट. आवणी संपली की मजुरीही संपे आणि कापणीपर्यंत हात रिकामे. त्या दिवसांत रानातल्या भाज्या आणि छपरावरच्या काकड्या यांच्यावर घरं निघायची. मुलं शाळेत येत ती काकडी खात खातच येत, आणि पहिल्या तासाला सगळ्या वर्गाला काकडीचा वास असे.

मला त्या वर्षी गणितानं झपाटलं होतं. एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथे सांगितलं होतं की मुलाला आकडे म्हणता येणं वेगळं आणि संख्या कळणं वेगळं. शंभरापर्यंत धडाधड म्हणणाऱ्या मुलाला सात मोठे की नऊ हे विचारा, ते गोंधळतं. ते मूल मीच होते. जव्हारच्या आमच्या घरी दिवेलागणीला पाढे म्हणायची सक्ती. वडील कचेरीत कारकून, त्यांना पाठांतराचं फार. एकोणतिसाचा पाढा मी झोपेतसुद्धा म्हणायचे. पण आईनं "सहाजणांना तांदूळ किती घेऊ गं?" असं विचारलं की तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. लग्नानंतर तिघांसाठी पहिला भात लावला तो दोन दिवस पुरला. माझा नवरा अजूनही पाहुण्यांसमोर म्हणतो, "हिला फक्त तिघांचा सांगा, दहाजण जेवतील." पाढा माझ्या जिभेवर होता, हातात नव्हता. हे माझ्या वर्गातल्या मुलांचं होऊ द्यायचं नाही, असं मी त्या प्रशिक्षणातून ठरवूनच परतले.

आता हसू येतं. सरकारी तक्त्यावर सफरचंदं होती. माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं सफरचंद हातात धरलेलं नव्हतं. मी तो तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला आणि स्वतःवर खूश झाले, की आपण काकड्यांवर गणित शिकवायचं.

वेल शाळेचाच होता. म्हणजे मंजीचा. मंजुळा तिसरीत होती. किडकिडीत, तेल न लावलेले भुरे केस, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायची सवय. जूनमध्ये तिनं घरून राखेत घोळलेल्या बिया पानात बांधून आणल्या होत्या आणि खिचडी शिजते त्या पत्र्याच्या शेडमागे लावल्या होत्या. वेल शेडवर चढवण्यासाठी काठ्या रोवल्या तिनं, सुतळी बांधली तिनं. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं खेळत तेव्हा ही वेलाच्या बुडाशी बसून काहीतरी उकरत असे. शाळा सुटताना मला सांगून जायची, "बाई, आज त्याला दोन ताणे फुटले." ताणे म्हणजे वेल आधार पकडतो ते कोवळे धागे, आणि 'त्याला' ती घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणायची. दोन म्हणाली होती ती. हे वाक्य मला पुढे तिच्या गणिताचा शेरा लिहिताना आठवायला हवं होतं.

एका उन्हाच्या सकाळी मी सगळ्या मुलांना शेडमागे उभं केलं. शेडचा पत्रा पानांनी झाकून गेला होता आणि पानांतून काकड्या डोकावत होत्या, कोवळ्या, बोटभर ते वीतभर. "सांगा बघू," मी म्हटलं, "वेलावर काकड्या किती?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी पुन्हा विचारलं. मग चौथीतला सगळ्यात थोराड मुलगा म्हणाला, "बाई, चाळीस."

"दोन," दुसरा म्हणाला.

"शंभर!"

"सात नायतं वीस!"

सगळे सुटलेच. आकड्यांचा पाऊस. आणि हसत नव्हतं कुणी, हे मला आणखी लागलं. अगदी गंभीर चेहऱ्यानं, मान हलवून, वाटेल ते सांगत होते. मंजी मात्र गप्प होती. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मी तिला विचारलं, "तुझाच वेल ना? तू सांग." तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि ओठ मिटले.

मला राग आला. राग येणं हा माझा जुना आजार आहे. मी पुढे झाले, हात वर केला आणि एकेका काकडीवर बोट ठेवत खणखणीत आवाजात मोजलं. एक, दोन, तीन, अशा अकरा. "म्हणा अकरा," मी म्हटलं. कुणी म्हटलं नाही. मुलं काकड्यांकडे बघतच नव्हती, सगळी माझ्या बोटाकडे बघत होती.

नंतरचे सहा-सात दिवस पाऊस लागून राहिला. काकड्यांची टोकं आधी पिवळी पडली, मग मऊ झाली, मग एकेक खाली गळाली. मी मोजलेल्या अकराच्या अकरा. पानांआड दोन होत्या, त्या मला मोजताना दिसल्याच नव्हत्या. त्या मात्र टिकल्या, आणि चांगल्या टपोऱ्या झाल्या. मी फळमाशीचा धडा घेतला. सडलेली काकडी कापून आतल्या अळ्या दाखवल्या. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. आजारी माणूस काहीबाही बोलतो तेव्हा घरचे ऐकून घेतात तसं.

त्यानंतर मंजीनं आकडा उच्चारणंच सोडलं. वाचायची छान, अक्षरही बरं, पण गणिताचा तास आला की तोंडाला कुलूप. खडे पुढे ठेवले, चिंचोके ठेवले, गोष्ट सांगून विचारलं, जवळ घेऊन विचारलं, ओरडूनही विचारलं. "ही किती?" म्हटलं की ती हात पाठीमागे घेई. पंधरा दिवसांनी केंद्रशाळेवर भरून द्यायचा तक्ता आला. मुलाचं नाव, इयत्ता आणि पुढे रकाने. मला रिकामा रकाना बघवत नाही. घरच्या किराण्याच्या यादीतसुद्धा मी रेघ मारल्याशिवाय उठत नाही. मंजुळाच्या नावापुढे 'एक ते नऊ संख्याज्ञान' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता.

आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा बाप शाळेत आला. काशिनाथ कधी शाळेची पायरी चढत नसे. दाराशी उकिडवा बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बाई, पोरीला येतं का काय?"

मला वाटलं, वा, बाप चौकशीला आला. खरं सांगायला हवं. "वाचता येतं हो," मी म्हटलं. "पण गणित अजिबात नाही. नऊपर्यंत मोजताही येत नाही अजून."

त्यानं गुडघ्यावरची टोपी उचलली. मग म्हणाला, "मंग न्हेतो तिला. दिवाळी झाली का आमी जगायला जातो भट्टीवर. आई-बाप दोघंबी इटा थापतो, बारक्याला सांभाळाया कोन? हितं बसून काय शिकत नाय, तं तिथं बारका तरी सांभाळील."

'जगायला जाणं' म्हणतात इकडे. दिवाळीनंतर पाड्यापाड्यावरून टेम्पो भरून माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जी मुलं सोबत जातात त्यांचं ते वर्ष गेलं. तिसरीतून गेलेली पोरगी चौथीत परत बसलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. काशिनाथ टोपी झटकून उठला आणि उतारावरून गेलासुद्धा. मी दाराशी उभी. माझ्या एका वाक्यानं त्या पोरीची शाळा संपत होती, आणि ते वाक्य मी किती सहज बोलून गेले होते.

रविवारी मी तिच्या घरी गेले. सुट्टीच्या दिवशी पाड्यावर जायचं म्हटल्यावर घरात कपाळावर आठ्या पडल्या, पण मला चैन नव्हतं. वाटेत मी मनाशी भाषण तयार करत होते, मुलगी वाचते छान, गणित येईल हळूहळू, मी घेईन मेहनत. कुडाची झोपडी, वर जुनी कौलं, आणि कौलांवर पसरलेला तसाच वेल, तशीच पानं. काकड्या लोंबत होत्या, पागोळ्यांच्या रांगेत. मंजीची आई दारात रेशनचे तांदूळ पाखडत होती.

"केवढ्या लागल्यात हो!" मी म्हटलं आणि हात वर केला.

सूप टाकून ती उठली आणि तिनं माझं बोट मुठीत पकडलं. बाईंचा हात धरला म्हणून लगेच ओशाळली, पण सोडला नाही. "बोट नको, बाई. कुजतात."

मग तिनं मला सगळं सांगितलं. बोटाचं, दुमडण्याचं, तोडल्याशिवाय न मोजण्याचं. मी म्हटलं, "अहो, मग मुलं मला बोलली का नाहीत?"

"पोरगी लय रडली त्या दिवशी," ती म्हणाली. "मी बोललू, बाईंना सांग ना. तं नाय बोलली. म्हनं, बाईंना वाईट वाटंल. बाईंनी मोजली नि कुजली, आसं कसं सांगू? तवापासून काय मोजाया सांगलं तं करतच नाय. मोजलं का जातं, आसं घेतलंय तिनं मनात."

मी ओट्यावर बसले. जवळजवळ महिनाभर त्या पोरीनं माझी लाज राखली होती, आणि मी तिच्या नावापुढे 'नाही' लिहिलं होतं.

मंजी आत होती. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी तोडलेल्या काकड्यांचा ढीग जमिनीवर पसरला होता आणि ती त्यांचे वाटे मांडत होती. मला बघून थबकली, आईनं मान हलवली तशी पुन्हा कामाला लागली. मी दारातून बघत राहिले. ती मोजत नव्हती. हात ढिगावरून फिरे, एक थोराड काकडी उचले, तिच्याजवळ दोन बारक्या टाके, पुन्हा एक मध्यम. एका वाट्यात पाच झाल्या, दुसऱ्यात चारच, पण चार थोराड. मध्येच थांबून दोन वाट्यांकडे तिरकं बघितलं, एका वाट्यातली एक काढून दुसऱ्यात घातली, दुसऱ्यातली बारकी इकडे आणली. आता दोन्ही वाटे डोळ्यांना सारखे दिसत होते. वजनाला लावले असते तरी फार फरक पडला नसता. जे मला सहाजणांच्या भातात कधी जमलं नाही, ते नऊ वर्षांची पोरगी मान तिरकी करून करत होती. शेवटी एक काकडी उरली, ती तिनं बाजूला ठेवली.

"ही बाईंना," ती माझ्या पायांना म्हणाली.

"मंजी, वाटे किती झाले गं?"

हात पाठीमागे गेले. आई बाहेरून म्हणाली, "सांग ना. तोडलेली हायत ती."

मंजीनं आईकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. "पाच वाटं," ती म्हणाली. "नि ही एक."

"सगळ्या मिळून?"

तिनं बोट लावलं नाही, ओठ हलवले नाहीत. नुसती नजर एकदा फिरली. "दोन वाटं पाचाचं, तीन चाराचं. बावीस. नि तुमची एक. तेवीस."

मी मनात मोजून बघितलं. खरं सांगायचं तर पदराआड बोटं घातली. तेवीसच होत्या, आणि माझ्याआधी तिला कळल्या होत्या.

काशिनाथ लाकडं घेऊन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तिला माझ्यापेक्षा चांगलं गणित येतं, तिला नेऊ नका. माझ्या आवाजात अजिजी आली होती. त्यानं ओझं खाली टाकलं, घाम पुसला.

"परवा म्हनला, येत नाय. आज म्हनता, येतं," तो म्हणाला. "बाई, आमी कुठलं खरं धरायचं?"

मी म्हटलं, तुमची म्हातारी आई आहे ना घरी, तिच्यापाशी राहू दे पोरीला. तो म्हणाला, "बघू. बारक्याचं काय?" आणि लाकडं फोडायला लागला. मी काकडी पिशवीत टाकून परत आले.

सोमवारी मी मुलांना पुन्हा शेडमागे नेलं. दोन उरलेल्या काकड्यांसमोर उभं राहून सांगितलं, "माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं." आधी कुणाचा विश्वास बसेना. मग चौथीतला तो थोराड मुलगा पहिल्यांदा मोकळं हसला. "म्हनून तं आमी चाळीस सांगलं, बाई! वेलाला खरं कळू नाय म्हनून."

मी तिथेच थबकले. त्या दिवशी चाळीस आलं होतं, दोन आलं होतं, शंभर, सात, वीस, सगळं आलं होतं. अकरा कुणी म्हणालं नव्हतं, पानांआडच्या दोन धरून तेराही नाही. इतक्या मुलांत चुकूनही एकाच्या तोंडून खरा आकडा निघाला नव्हता. खरा आकडा टाळायचा तर तो आधी कळावा लागतो, आणि पानांच्या गर्दीत एका नजरेत कळावा लागतो. माझ्या तक्त्यात यातल्या निम्म्या मुलांच्या पुढे 'नाही' होतं. मी केंद्रावर गेले, तक्ता परत मागितला. तिथले साहेब म्हणाले, "माहिती वर गेली, मॅडम. पुढल्या चाचणीला सुधारणा दाखवा." सुधारणा! सुधारायला तर मला हवं होतं.

मंजी हळूहळू बोलायला लागली. आधी फक्त खड्यांबद्दल. मग फळ्यावरच्या आकड्यांबद्दल. चिंचोके धरलेली मूठ मी क्षणभर उघडून लगेच मिटायची आणि वर्ग ओरडायचा, "सहा!" हा खेळ आम्हांला इतका आवडला की खिचडी थंड होऊ लागली. पण काशिनाथ काही सांगत नव्हता. वाटेत भेटला की मान हलवायचा, त्या हलण्याचा अर्थ मी रोज वेगळा लावायची. भात पिकला, कापणी झाली. खळ्यांवरून झोडणीचा आवाज यायचा आणि दिवस पुढे पुढे सरकत होते.

दिवाळीची सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच टेम्पो आला. मी मुद्दाम गेले होते. टेम्पो वर चढत नाही, म्हणून खालच्या वळणावर उभा राहतो, आणि माणसं गाठोडी, भांडी, कोंबड्या घेऊन उतरत येतात. मंजी धाकट्याला कडेवर घेऊन आली. तिच्या अंगावर शाळेचा निळा गणवेश होता, पण त्यावरून काही कळत नव्हतं, तिच्याकडे दुसरा धड कपडाच नव्हता. तिनं गाठोडं वर दिलं. मग भावाला वर दिलं. मग चाकावर पाय ठेवून स्वतः वर चढली. मी तिथे उभी राहून बघत होते. तिनं भावाला मांडीवर बसवलं, त्याचं नाक पुसलं, त्याच्या हातात काकडीचा तुकडा दिला. काशिनाथनं कुणाला तरी हाक मारली. गर्दीतून सोनी पुढे आली, मंजीची चुलत बहीण, माझ्याच वर्गातली, दुसरीतली. काशिनाथनं तिला उचलून वर ठेवलं. धाकटा मंजीच्या मांडीवरून सोनीच्या मांडीवर गेला, रडला, आणि मंजी खाली उतरली.

"आता तुमी सांगलं तसं," काशिनाथ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ही ऱ्हाईल म्हातारीपाशी."

मी मान हलवली. मला आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती. एक वाचली होती, एक गेली होती. पाढे म्हणणाऱ्या माझ्या डोक्यानं वजाबाकी-बेरीज केलीच, आणि पटावरचा आकडा तोच राहिला. टेम्पोच्या फळीवरून सोनी माझ्याकडे बघून हात हलवत होती, तिला गाडीत बसायला मिळालं म्हणून ती खूश होती.

शाळा उघडली त्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा होता. सतरंजीवर मुलांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि मधे मधे नुसती सतरंजी दिसत होती. वेल वाळून शेडवरून लोंबत होता. मंजीनं बियांसाठी राखून ठेवलेली एक काकडी तेवढी पिवळीजर्द होऊन त्याला लटकली होती. मी हजेरीपट उघडला. सवयीनं पेन उजव्या हातात, डाव्या हाताचं बोट वर केलं आणि रिकाम्या जागा मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन.

मंजी उठली. पहिल्यांदा ती माझ्या पायांकडे न बघता सरळ तोंडाकडे बघत आली. तिनं माझं बोट आपल्या हातात घेतलं आणि पेरातून हळूच दुमडलं.

"मोजू नका, बाई," ती म्हणाली. "ती अजून यायची हायत."

ती जागेवर जाऊन बसली. मी पटावर हजर मुलांच्या नावांपुढे खुणा केल्या, खाली हजर संख्या लिहिली. त्या आकड्याशेजारचा गैरहजर संख्येचा रकाना त्या दिवशी मी कोरा ठेवला.